विंगेमागून वाजवलेला ट्रम्पेट

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवणाऱ्याचा बराचसा वेळ गप्प बसण्यात जातो, हे श्रोत्यांच्या सहसा लक्षात येत नाही. व्हायोलिनवाले पानामागून पान वाजवत असतात आणि आम्ही मांडीवर वाद्य ठेवून मनातल्या मनात बार, म्हणजे तालाचे ठरावीक मात्रांचे तुकडे, मोजत असतो. साठ-सत्तर बार मोजल्यानंतर जो स्वर काढायचा असतो, तो मात्र शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू जाणार असतो. मागे वळून पाहताना ज्या मैफली मला जिवापाड आवडल्या असे वाटते, त्या बहुतेक अशा मोजक्या स्वरांच्याच आहेत.

त्यांत सर्वांत वरची जागा बेथोव्हनच्या ‘लिओनोरे’ क्रमांक ३ या ओव्हर्चरची, म्हणजे ऑपेराआधी वाद्यवृंद वाजवतो त्या प्रारंभिक रचनेची. आपल्या एकमेव ऑपेराच्या १८०६ सालच्या सुधारित प्रयोगासाठी त्याने ते रचले. ऑपेरात तळघरातल्या कोठडीत निरपराध फ्लोरेस्टानचा जीव घ्यायला तुरुंगाचा अधिकारी सरसावतो, पुरुषवेषातली त्याची पत्नी लिओनोरे मध्ये उभी राहते आणि त्याच क्षणी मंत्री आल्याची वर्दी देणारा ट्रम्पेट बुरुजावरून वाजतो. ओव्हर्चरमध्येही ही ललकारी रंगमंचाबाहेरूनच द्यायची असते. उसळत चाललेला वाद्यवृंद एकाएकी थबकतो आणि ती येते. मग काही बार श्वास रोखल्यासारखे हळुवार जातात आणि तीच ललकारी पुन्हा येते. त्या काळच्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलण्यासाठी बोटांनी दाबायच्या कळा, नव्हते, त्यामुळे ती नैसर्गिक स्वरांवर बेतलेली आहे. बोटांना जवळजवळ काम नाही, सगळी भिस्त ओठांवर आणि दमसासावर.

मुंबईत ते ओव्हर्चर वाजवले, तेव्हा मला विंगेमागच्या बोळात उभे केले होते. तालमीत माझा स्वर चक्क उतरलेला निघाला. कारण होते बोळातला एसी: थंड हवेत ध्वनीचा वेग मंदावतो आणि नळीतला स्वर खाली येतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात मी माउथपीस मुठीत घट्ट धरून ठेवला, मधून मधून वाद्यात आवाज न करता नुसती ऊब फुंकत राहिलो आणि ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे स्वर जुळवण्यासाठी सरकवायची नळी, नखभर आत सारली. दार चार बोटे उघडे ठेवले होते. त्या फटीतून मला कंडक्टरचा फक्त उजवा हात दिसत होता. तो वर गेला आणि मी वाजवले. भिंतीपलीकडे हजारभर माणसे आहेत आणि त्यांतले कोणीही आपल्याला पाहत नाही, या जाणिवेने मी कधी नव्हे इतका निर्धास्त झालो होतो.

माहलरच्या पाचव्या सिंफनीत प्रतीक्षेला जागाच नाही. १९०४ साली कोलोनमध्ये प्रथम सादर झालेली ही सिंफनी एकट्या ट्रम्पेटने सुरू होते, तीन जलद स्वर आणि एक लांब. मी चौघांपैकी तिसरा ट्रम्पेट होतो, त्यामुळे ती सुरुवात माझ्या वाट्याची नव्हती, तरीही माझ्या आवडत्या मैफलींत मी ती धरतो. श्वास घेताना पहिल्या वादकाचा सदरा पाठीवर ताणला गेला, हे मी इतक्या जवळून पाहिले, की त्याच्याबरोबर मीही नकळत श्वास भरून घेतला होता. द्वोर्झाकच्या आठव्या सिंफनीचा शेवटचा भागही ट्रम्पेटच उघडतात. तिथे निखळ आनंद असतो आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नसते.

‘लिओनोरे’च्या त्या संध्याकाळी आई बाल्कनीत बसली होती. मी रंगमंचावर दिसेना म्हणून ती कार्यक्रमपत्रिका पुन्हा पुन्हा उलगडत होती, असे शेजारी बसलेल्या मावशीने नंतर सांगितले. लांबून ट्रम्पेट ऐकू आला, तशी तिने पत्रिका मिटली आणि मावशीच्या कानात म्हणाली, “आला बघ.” लहानपणापासून रोज पहाटे स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून तिने माझा रियाज ऐकला होता.