शोभेची आग काढली, कामाची आणली

मिशिगनच्या घरातल्या नव्या शेगडीचे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले आणि आता केळशीत माहेरी आल्यापासून जो भेटतो तो तेच विचारतोय. अण्णांचा पहिला प्रश्न, गॅस होता ना तुमच्याकडे, बटण दाबलं की पेटायचा, मग तो काढून लाकडं कशाला आणलीत? आई तर शेजारच्या काकूंना सांगत होती की इथे सगळे चूल सोडून सिलिंडरवर आले आणि आमची मुलगी अमेरिकेत जाऊन परत चुलीवर. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमचं घर जुनं, १९५० च्या दशकातलं, हॉलमध्ये विटांची खरी फायरप्लेस आणि वर विटांचीच चिमणी. आधीच्या मालकांनी तिच्यात गॅस लॉग्ज बसवले होते, म्हणजे सिरॅमिकचे खोटे ओंडके, साल-बिल कोरलेले, आणि मधून गॅसची पिवळी ज्योत. दिसायला एक नंबर. पण ऊब म्हणाल तर गुडघे तापायचे आणि पाठ गारच. त्याचं कारण असं की गॅस जळून कार्बन मोनॉक्साइड घरात साठू नये म्हणून चिमणीची झडप, डॅम्पर म्हणतात तो, कायम थोडा उघडा ठेवावा लागतो, त्याला क्लॅम्पच मारलेला असतो की चुकूनसुद्धा पूर्ण मिटू नये. मग शेगडी बंद असली तरी त्या फटीतून घरातली तापवलेली हवा चोवीस तास वर जात राहते. हीटिंगचं बिल आम्ही भरायचं आणि ऊब चिमणीवरच्या कावळ्यांना.

तरी चाललं असतं, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये आइस स्टॉर्म आलं. पाऊस पडतो आणि पडल्या पडल्या फांद्यांवर, तारांवर गोठतो, मग त्या वजनाने झाडं मोडून तारांवर पडतात. आमच्या भागात लाखो घरांची वीज गेली, आमचीही. घर तापवणारा फर्नेस गॅसवर चालतो खरा पण त्याचा पंखा आणि कंट्रोल विजेवर, म्हणजे तोही ठप्प. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली तालुक्यात वीज येईपर्यंत काय हाल झाले ते केळशीकरांना मी काय सांगणार! फक्त आमच्याकडे उकाड्याऐवजी थंडी, आणि घर फार गार पडलं तर भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटायची भीती.

"मग ते खोटे ओंडके उचलायचे आणि खरे ठेवायचे, त्यात काय एवढं?" इति अण्णा. अण्णा, सगळी गोम तिथेच आहे. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपोआप निघून जातो आणि जाता जाता वाशांना वाळवीपासून सांभाळतो असं आजी म्हणायची. तिथे अख्खं घर लाकडी सांगाड्याचं. आग कुठे पेटते याला फारसं महत्त्व नाही, धूर कुठून जातो यावर सगळं. हल्लीच्या घरांतली गॅस फायरप्लेस म्हणजे काच लावलेली पत्र्याची पेटी, तिचा पाइप गॅसच्या धुरापुरताच केलेला, पुष्कळदा आतून ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि लाकडाच्या धुरातलं क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखा चिकट थर, चिमणीत साठून पेटलं तर तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकतं. तशा पेटीत लाकूड कधीच जाळायचं नाही, काहीही जुगाड करून नाही.

आमची विटांची होती म्हणून निभावलं, तरी इंधन बदललं की चिमणीची पूर्ण तपासणी करायची असा तिथला नियम आहे. चिमणीवाल्याने वरून कॅमेरा सोडला तर आतल्या मातीच्या नळ्यांना तडे! मग वरपासून खालपर्यंत ६ इंची स्टेनलेस स्टीलचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून जाणारा पाइप, गॅसची लाइन लायसन्सवाल्या माणसाकडून बंद करून घेणं, गावाचं परमिट, इन्शुरन्सवाल्यांना कळवणं, हे सगळं झालं, त्याचं पुराण इथे लावत नाही.

उघड्यावर लाकडं जाळायची नाहीत हे मात्र आधीच ठरवलं होतं. उघडी फायरप्लेस बहुतेक उष्णता वरच सोडते, शिवाय खोलीतली हवाही ओढून नेते. म्हणून इन्सर्ट घेतला, म्हणजे त्याच कोनाड्यात बसणारी बिडाची बंद शेगडी, पुढे काचेचं दार. २०२० पासून तिथे नव्या शेगड्यांना तासाला २ ते २.५ ग्रॅमच्या वर धुराचे कण सोडायची परवानगी नाही, त्यामुळे धूर आतच दुसऱ्यांदा जळतो आणि चांगल्या मॉडेलमध्ये लाकडातली ७० टक्क्यांच्या आसपास उष्णता घराला मिळते. आम्ही मुद्दाम थोडा पुढे आलेला घेतला, कारण पूर्ण आत बसणारा इन्सर्ट त्याच्या पंख्यावर फार अवलंबून असतो आणि वीज गेल्यावर पंखा कुठून आणायचा.

आता अण्णांच्या आवडीचा विषय, लाकूड. ओलं लाकूड धुमसतं आणि चिमणीत क्रिओसोट साठवतं, म्हणून ओल २० टक्क्यांच्या आत हवी. ती मोजायला दोन टोकांचा मीटर मिळतो असं सांगितल्यावर अण्णा हसायलाच लागले. पावसाआधी फाटी भरताना ते एक लाकूड दुसऱ्यावर आपटतात, खणखणीत वाजलं तर सुकं, बद्द वाजलं तर परत उन्हात. खरं तर ही परीक्षा तिथलेही जुने लोक करतात. ओक फोडून दोन उन्हाळे तरी वाळवावा लागतो, अ‍ॅश नावाचं झाड मात्र लवकर वाळतं. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एक हिरवा चमकदार किडा सापडला, आशियातून आलेला, त्याने तिकडची कोट्यवधी अ‍ॅश झाडं मारली, आणि तो लाकडातून पसरतो म्हणून लाकूड लांबून आणू नका, जवळच घ्या, जवळच जाळा, असं सारखं सांगतात. विकायचं माप कॉर्ड, १२८ घनफूट, म्हणजे आपल्या ब्रासपेक्षा सव्वापटीहून थोडं जास्त. बापूकाकांनी लगेच त्याचा इथला भाव काढायला घेतला होता.

राखेचं आईला सांगितलं तर म्हणाली, माडाच्या आळ्यात टाक. अगं आई, माड कुठला तिथे! राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घरापासून लांब ठेवायची, कारण आतले निखारे दोन-चार दिवससुद्धा जिवंत राहतात आणि बाहेरचा डेकही लाकडीच. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधीपासून होताच, आता शेगडीच्या मजल्यावर आणखी एक लावलाय.

हे सगळं वाचून न्यू जर्सीच्या मैत्रिणीने विचारलंय, आम्हीपण करू का? तिच्याकडे काचेची पेटीवाली आहे, तीही टाउनहाउसमध्ये, तेव्हा अजिबात नको. पेटी उखडून नवी चिमणी छपरापार न्यायची, आणि सोसायटी ते करू देईल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा मॅन्युअल काढून बघ म्हटलं, तसल्या बऱ्याच पेट्या वीज नसतानाही पेटतात, काहींना बॅटरी लागते, फक्त पंखा चालत नाही. ती बॅटरी नेमकी कुठे घालायची ते शोधत बसलीय आता.