100.4 : ट्रान्सप्लांटनंतरचे शंभर दिवस आणि जोडीदाराचं काम

अमेरिकेत स्टेम सेल ट्रान्सप्लांटची (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींच्या रोपणाची) तारीख ठरायच्या आधी रुग्णालय एक नाव लिहून घेतं: केअरगिव्हरचं. इथे राहणाऱ्या आपल्या घरांत ते नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं किंवा बायकोचंच असतं, कारण हाकेच्या अंतरावर दुसरं कुणी नसतं. पेशी दात्याच्या असतील, म्हणजे अ‍ॅलोजेनिक ट्रान्सप्लांट असेल, तर बहुतेक केंद्रांची अट असते: पेशी चढवल्यापासून साधारण 100 दिवस रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या अंतरात राहायचं आणि चोवीस तास कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं. स्वतःच्याच पेशी परत दिल्या (मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात होतं ते ऑटोलोगस), तर हा काळ बराच कमी, महिनाभराच्या आसपास.

आपल्याकडे आजाऱ्याची सोबत म्हणजे उशाशी बसणं, डबा नेणं, धीर देणं. इथे तीन-चार आठवड्यांत रुग्ण घरी येतो आणि नर्सचं निम्मं काम तुमच्या अंगावर पडतं: ताप मोजणं, नळी धुणं, गोळ्या भरणं, जुलाब मापणं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फोन करणं, आणि आपली माणसं नेमकी तिथेच कचरतात. ‘रात्रीचे दोन वाजलेत, डॉक्टरांना कशाला उठवायचं, सकाळी बघू.’ ट्रान्सप्लांटनंतर ‘सकाळी बघू’ हा शब्द घरातून काढून टाका. रुग्णालयाने दिलेला चोवीस तासांचा नंबर रात्री दोनसाठीच असतो.

पेशी चढवायच्या दिवसाला इथे ‘डे झीरो’ म्हणतात. दिसायला तो अगदी साधा असतो, रक्ताची पिशवी लावावी तसा. पेशी गोठवलेल्या असतील तर त्या टिकवणाऱ्या डीएमएसओ या रसायनाचा लसणासारखा वास रुग्णाच्या श्वासाला आणि खोलीला दिवसभर, कधी दोन दिवस येतो. काही बिघडलेलं नाही, तो वास जातो. खरे अवघड दिवस पुढे. केमोने जुना मॅरो (हाडांतली रक्त बनवणारी मज्जा) गेलेला, नवा अजून रुजलेला नाही. रुजलं हे कळतं न्यूट्रोफिल्सच्या, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यावरून: सलग तीन दिवस 500 च्या वर. ऑटोलोगसमध्ये याला साधारण 10 ते 14 दिवस लागतात, दात्याच्या पेशींना दोन ते चार आठवडे.

याच काळात तोंड सोलवटतं. मेल्फलान हे केमोचं औषध दिलं जाणार असेल तर ते चालू व्हायच्या आधी काही मिनिटं, चालू असताना आणि संपल्यावरही रुग्णाने बर्फ चघळत राहायचं. गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि फोड कमी येतात. जोडीदाराने या वेळी फक्त बर्फाचा पेला रिकामा होऊ द्यायचा नाही. नंतर गुळण्यांसाठी घरीच पाणी करता येतं: चार कप पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा. दिवसातून चार-सहा वेळा तरी, आणि पाणी रोज ताजं. दुकानातला अल्कोहोल असलेला माउथवॉश आणू नका, सोललेल्या तोंडाला तो भाजतो. आणि गिळता येत नाही इतकं दुखत असेल तर ते सोसायला सांगू नका. मॉर्फिनच्या वर्गातली औषधं त्यासाठीच असतात.

आता ताप. 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, ही सीमारेषा. थंडी वाजून हुडहुडी भरली तर थर्मामीटर काहीही म्हणो, फोन करायचा. फोनच्या आधी गोळी द्यायची नाही. भारतातून आणलेली क्रोसिन किंवा डोलो ड्रॉवरमध्ये असते आणि हात आपोआप तिकडे जातो. तिने ताप झाकला जातो आणि रक्तातला जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. इथल्या सर्दीच्या पुष्कळ औषधांत पॅरासिटामॉल ‘असिटामिनोफेन’ या नावाने असतं, तेव्हा डब्यामागची अक्षरं वाचा. दाराजवळ एक पिशवी भरून ठेवा: औषधांची यादी, विमा कार्ड, चार्जर, गरम कपडे. आपत्कालीन विभागात पोचताच पहिलं वाक्य ‘ट्रान्सप्लांट झालेला रुग्ण आहे, ताप आहे’ एवढंच. प्रतीक्षाकक्षात खोकणाऱ्यांच्या रांगेत बसू नका, वेगळी खोली मागून घ्या.

औषधं आणि रक्त देण्या-घेण्यासाठी छातीतून काढलेली नळी, हिकमन किंवा तशाच प्रकारची, घरी सांभाळायची असते. शिकवणारी नर्स भराभर दाखवते. तुम्ही तिच्यासमोर स्वतःच्या हाताने निदान दोनदा करून दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. हात साबणाने धुवायचे, टोपणाचं तोंड अल्कोहोलच्या पट्टीने पंधरा सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं. फुंकर मारून वाळवायचं नाही. सलाइन दहा मिलिलिटरच्या सिरिंजनेच, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त असतो आणि नळी फाटू शकते. दाबायचं, क्षणभर थांबायचं, पुन्हा दाबायचं. त्या झटक्यांनी आतलं चिकटलेलं सुटतं. अडलं तर जोर लावायचा नाही. नळी चिरली तर चीर आणि शरीर यांच्या मधोमध क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावायचा, म्हणून एक जादा क्लॅम्प कायम जवळ ठेवा. पारदर्शक ड्रेसिंग आठवड्याने बदलतात, पण कडा सुटली किंवा आत पाणी गेलं तर लगेच. आणि हे नीट लक्षात ठेवा: नळी धुतल्यावर तासाभरात थंडी भरून आली तर जंतू नळीतच बसलेत असा संशय धरून फोन करायचा.

गोळ्या सुरुवातीला दिवसाला वीस-वीसही असतात. आठवड्याचा, दिवसाला चार कप्पे असलेला डबा घ्या आणि तो एकाच माणसाने, टीव्ही बंद करून भरावा. यातली टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी वेगळीच शिस्त मागते. ती बारा तासांच्या अंतराने घ्यायची, समजा सकाळी नऊ आणि रात्री नऊ. पण ज्या दिवशी रक्तातली तिची पातळी मोजायची त्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावरच. नेहमीची गफलत अशी: डबा भरलेला असतो, सवयीने सकाळची मूठ तोंडात जाते, पातळी खोटीच जास्त दिसते आणि डोस विनाकारण कमी केला जातो. तपासणीच्या आदल्या रात्री ती गोळी कप्प्यातून काढून छोट्या डबीत घाला आणि डबी पर्समध्ये टाका. पातळी जास्त झाली तर हात थरथरतात, डोकं दुखतं, रक्तदाब चढतो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतं. कमी झाली तर दात्याच्या पेशी अंगावर उठतात. बुरशीवरची काही औषधं ही पातळी वाढवतात, म्हणून तसं औषध सुरू किंवा बंद होताना टॅक्रोलिमसचं काय करायचं ते प्रत्येक वेळी विचारा. ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य. या गोळीने रक्तातलं मॅग्नेशियम घसरतं, पाणी दिवसाला दोन-तीन लिटर पोटात जावं लागतं. गोळी उलटून पडली तर मनानेच दुसरी देऊ नका, विचारा.

भारतातून येणाऱ्या प्रेमळ पार्सलांबद्दल स्पष्टच लिहितो. गुळवेल, अश्वगंधा, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ काढा, हळदीच्या कॅप्सूल, यातलं काहीही देऊ नका. इथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. ती चेतवणं म्हणजे दात्याच्या पेशींना रुग्णाच्याच अंगावर सोडणं. शिवाय गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनीच 2021 मध्ये नोंदवले आहेत. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी, ती चालते.

स्वयंपाकात आपलं एक बरं असतं: बहुतेक पदार्थ चांगले शिजलेले असतात. धोका वरून घातलेल्या गोष्टींत. शिजल्यावर पेरलेली कोथिंबीर, कच्ची कोशिंबीर, ताजी चटणी, घरी विरजलेलं दही, वरून भुरभुरलेली मिरपूड. मसाला फोडणीत किंवा शिजताना घाला. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, फ्रिज 40 फॅरनहाइटच्या खाली, परत गरम करताना 165 पर्यंत; दहा-पंधरा डॉलरचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्याच. ओट्यावर रात्रभर गार होणारी आमटी विसरा. अनेक केंद्रांनी जुना कडक आहार आता सैल केला आहे, त्यामुळे दही चालेल का, सालीची फळं चालतील का, हे आपल्या आहारतज्ज्ञांना विचारा, शेजाऱ्याला नाही. मळमळ असताना मात्र फोडणीचा वासच नको होतो. रुग्ण दुसऱ्या खोलीत किंवा फिरायला गेला असताना रांधा, आणि मऊ भात, मुगाचं वरण, रव्याची खीर कोमट किंवा गार वाढा, वास कमी येतो. सगळं लोखंडासारखं लागतं अशी तक्रार असेल तर स्टीलचा चमचा बदलून प्लॅस्टिकचा द्या.

देवघराचाही विचार करावा लागतो. ताजी फुलं, फुलदाणीतलं पाणी, कुंड्यांतली माती यांत बुरशी असते आणि ती फुप्फुसात गेली तर उपचार फार कठीण. तुळस बाहेर, निर्माल्य दुसऱ्याने उचलायचं, उदबत्तीचा धूर काही महिने नको. तीर्थ आणि पंचामृत रुग्णाला देऊ नये. नमस्कार पुरतो.

दात्याच्या पेशी अंगावर उठतात त्याला जीव्हीएचडी म्हणतात आणि तो पकडायला जोडीदाराच्या डोळ्यांसारखं यंत्र नाही. रोज आंघोळीनंतर, एकाच दिव्याखाली, तळहात, तळपाय, कानाच्या पाळ्या, मान आणि पाठ बघा. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही. पुस्तकातले फोटो बहुधा गोऱ्या कातडीचे असतात. आपल्याकडे रंग गडद, जांभळट किंवा राखाडी होतो, म्हणून हाताने चाचपा: कातडी गरम, खरखरीत, खाजरी लागते का? पहिल्या दिवशीच फोटो काढून ठेवले की तुलना करता येते. जुलाब असतील तर ‘खूप झाले’ हे सांगणं उपयोगाचं नाही. कमोडवर बसणारं मापाचं प्लॅस्टिकचं भांडं रुग्णालयातून मागून घ्या आणि मिलिलिटर लिहा. दिवसाला 500 च्या वर गेलं तर लगेच कळवायचं. डोळे पिवळे, लघवी गडद, वजन एक-दोन दिवसांत चढलेलं, उजव्या बरगडीखाली दुखतंय, यातलं काहीही असेल तर तोच फोन.

उपचार म्हणजे स्टेरॉइड, आणि ते घराला हलवून टाकतं. रात्र रात्र झोप नाही, साखर चढते, क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडतो. भांडण तुमच्याशी नसतं, ते प्रेडनिसोन, म्हणजे ते स्टेरॉइड, बोलत असतं. सकाळचा डोस लवकर दिला तर झोप थोडी सुधारते. मांड्यांचे स्नायू इतके झिजतात की खुर्चीतून उठता येत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठ-बस, दिवसातून तीनदा जमेल तितकी, हा व्यायाम पहिल्या दिवसापासून हवा, पण तुम्ही शेजारी उभं राहून.

आपल्यासाठी एक खास गोष्ट. लहानपण भारतात गेलं असेल तर टीमला आपणहून सांगा: घरात कुणाला क्षयरोग होता का, हिपॅटायटिस बी, अनवाणी शेतात-मातीत वावर. मातीतून पायात शिरणारा स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि स्टेरॉइड दिल्यावर जीवघेणा उसळतो. साध्या रक्ततपासणीने त्याचा माग लागतो आणि औषधही सोपं आहे, पण इथल्या डॉक्टरांना ते सुचेलच असं धरून चालू नका.

भारतात फोनवर पहिला प्रश्न असतो ‘प्लेटलेट्स किती?’ इथल्या रिपोर्टवर 12 लिहिलेलं असतं आणि तिकडे धसका बसतो. इथे हजारांत मोजतात: 12 म्हणजे बारा हजार, 150 म्हणजे आपले दीड लाख. दहाच्या खाली गेल्या की सहसा पिशवी चढवतात. घरच्यांना आठवड्याला एकच संदेश पाठवा, आणि तो लिहायचं काम बहिणीला किंवा मित्राला द्या. रात्री वेळेच्या फरकामुळे वाजणारा फोन तुमची उरलीसुरली झोप खातो, आणि थकलेल्या माणसाकडून गोळ्यांचा डबा चुकतो.

नोकरीचं आधी बघा. 1993 च्या एफएमएलए (कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या) कायद्याने जोडीदाराच्या गंभीर आजारासाठी 12 आठवडे बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी टिकते. अट अशी की तिथे 12 महिने आणि 1,250 तास काम झालेलं हवं आणि 75 मैलांत कंपनीचे 50 कर्मचारी हवेत. ही रजा तुकड्यांत घेता येते. पहिले सहा आठवडे सलग आणि मग तपासणीचे दिवस तेवढे सुटे, असं करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण साठाव्या-सत्तराव्या दिवशी पुन्हा दाखल व्हावं लागणं काही दुर्मीळ नाही. विमा कुणाच्या नोकरीवर आहे आणि व्हिसा कुणाचा, हे दोन प्रश्न रजा टाकण्यापूर्वी वकिलासमोर ठेवा.

वर्षाच्या आत-बाहेर लसी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, अगदी धनुर्वाताची आणि पोलिओचीसुद्धा, कारण लहानपणीची स्मृती जुन्या मॅरोबरोबर गेलेली असते. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस जिवंत असते; ती दोन वर्षं तरी नाही, आणि नंतरही जीव्हीएचडी नसेल व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबलेली असतील तरच. भारतातून बाळाला घेऊन कुणी येणार असेल तर पोलिओचे तोंडी थेंब कधी दिले ते विचारून डॉक्टरांना सांगा. त्यातला जिवंत विषाणू बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो.

दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगटही बदलतो. भारतातल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मात्र जुनाच छापलेला राहतो. डॉक्टरांनी मायदेशी जायला हो म्हटलं की त्याआधी टीमकडून एक पत्र घ्या: नवा रक्तगट, आणि रक्त द्यायची वेळ आलीच तर ते किरणांची प्रक्रिया केलेलंच (इरॅडिएटेड) द्यावं, ही सूचना. एक प्रत लायसन्सच्या मागे घडी करून ठेवा, दुसरी तुमच्या फोनमध्ये.