फॅमिकॉम डिस्क सिस्टीम पुन्हा चालू करताना

जुन्या गेमिंग कन्सोलची जोड-उपकरणं जमवताना मी एक गोष्ट सगळ्यात आधी बघते. त्या उपकरणाशिवाय दुसऱ्या कशानेही वाचता येणार नाही असं काही त्यात अडकलंय का? कार्ट्रिज त्याच जातीच्या कुठल्याही चालू कन्सोलमध्ये घालता येते, डिस्कचं तसं नाही. ड्राइव्ह गेला की डिस्कही मुकी होते. म्हणून निन्टेन्डोची फॅमिकॉम डिस्क सिस्टीम, म्हणजे त्यांच्या फॅमिकॉम या कन्सोलला डिस्कवरचे गेम चालवता यावेत म्हणून जोडायचा ड्राइव्ह, मला संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू वाटते. माझ्याकडे आली तेव्हा ती बंद होती. "बेल्ट (मोटरने ड्राइव्ह फिरवणारा रबरी पट्टा) बदला, चालू होईल" असं तिच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात बेल्टनंतरच खरं काम सुरू होतं, आणि ते कसं पार पडलं ते जरा तपशिलात लिहिते.

ही जोडणी २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये विक्रीला आली. किंमत १५,००० येन, म्हणजे ज्याला ती जोडायची त्या फॅमिकॉमपेक्षाही (१४,८०० येन) थोडी जास्तच. तिचे दोन भाग आहेत. ड्राइव्ह कन्सोलच्या खाली बसतो आणि रॅम अडॅप्टर कार्ट्रिजच्या जागी. अडॅप्टरमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ केबी आणि चित्रांसाठी ८ केबी रॅम आहे, शिवाय आवाजाचा एक जादा चॅनेल. पिवळ्या डिस्क कार्डाच्या एका बाजूवर सुमारे ५६ केबी मावतात. 'झेल्डा' मालिकेतला पहिला गेम याच डिस्कवर, त्याच दिवशी आला, आणि खेळ जिथवर आला तिथे जपून ठेवण्याची सोय त्यात होती, तीही थेट डिस्कवर लिहून.

मला सगळ्यात जास्त भावते ती डिस्क रायटरची कल्पना. दुकानात ठेवलेल्या या यंत्रावर जुनी डिस्क द्यायची, ५०० येन भरायचे आणि त्याच डिस्कवर नवा गेम लिहून घ्यायचा. पुनर्लेखनाची ही सेवा २००३ पर्यंत चालू होती. तिच्यामुळे आज संग्राहकासमोर एक वेगळाच प्रश्न उभा राहतो: लेबलवर एक नाव आणि आत भलताच गेम. डिस्क वाचल्याशिवाय आत काय आहे ते कळायला मार्ग नाही, आणि वाचायची तर ड्राइव्ह चालू हवा. २००७ मध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉम परिवाराची दुरुस्तीही थांबवली. तेव्हापासून हे काम ज्याच्या हाती वस्तू आहे त्याचंच.

दुरुस्तीच्या सुरुवातीला मी ड्राइव्हला हात न लावता फक्त रॅम अडॅप्टर तपासला. यात एक सोय आहे. सुरुवातीचा पडदा अडॅप्टरमधल्याच चिपमधून येतो, त्यामुळे ड्राइव्ह मेलेला असला तरी निन्टेन्डोचं नाव झळकतं, संगीत वाजतं आणि थोडा वेळ थांबलं तर मारिओ आणि लुइजी पडद्यावर पळापळ करू लागतात. हे सगळं नीट झालं, म्हणजे दोष ड्राइव्हमध्येच, हे नक्की झालं. त्याला वीज वेगळी लागते: सी साइझचे सहा सेल किंवा ९ व्होल्टचा वीज-अडॅप्टर. मूळ वीज-अडॅप्टर जपानच्या १०० व्होल्टच्या विजेसाठी बनवलेला आहे, तो दुसऱ्या देशात थेट भिंतीतल्या प्लगला लावू नये. तपासणीसाठी सेलच बरे, कारण त्यात काही उलटसुलट होण्याची भीती कमी.

ड्राइव्ह उघडला तर आत अपेक्षित तेच दृश्य होतं. रबरी बेल्ट विरघळून त्याचा डांबरासारखा चिकट लगदा झाला होता आणि तो मोटरच्या पुलीवर, फ्लायव्हीलच्या (बेल्टने फिरणाऱ्या जड चाकाच्या) खाचेत, खालच्या पत्र्यावर पसरला होता. हे वयाने होणारच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घेऊन धीराने पुसत राहणं एवढाच उपाय. फ्लायव्हीलच्या खाचेत किंचित जरी थर राहिला तरी नवा बेल्ट तिथे उचलला जातो आणि वेग डळमळतो. हेडही, म्हणजे डिस्क वाचणारा भागही, पुसलं. हेडच्या समोर, डिस्कच्या दुसऱ्या अंगाला, एक छोटी नमद्याची गादी असते, ती डिस्कला हेडवर दाबून धरते. तिला अल्कोहोल लागू दिलं नाही, नुसती सुकी धूळ झटकली.

नवा बेल्ट घातला, मोटर फिरली, हेड आतल्या बाजूला सरकत गेलं आणि शेवटी खटका वाजून जागेवर परतलं. पडद्यावर मात्र एरर २२.

हे आकडे खरोखर उपयोगी आहेत. ०२ म्हणजे वीज कमी पडतेय. ०७ म्हणजे डिस्कची बाजू चुकीची घातलीय. २२ म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला माहितीचा जो पहिला ब्लॉक (तुकडा) सापडायला हवा तो तिथे सापडला नाही. २७ आला तर ब्लॉक सापडला, पण तपासणीचा आकडा जुळला नाही, वाचलेल्यात कुठेतरी बिघाड आहे. म्हणजे २२ वरून २७ वर येणं ही प्रगती असते. अनेक जण २२ दिसला की दुसरा बेल्ट मागवतात. माझ्या मते तिथे थांबून यंत्र कसं वाचतं ते समजून घेणं जास्त गरजेचं आहे.

साध्या फ्लॉपीवर एकात एक अशी कितीतरी वर्तुळं असतात आणि हेड एकेका वर्तुळावर जाऊन थांबतं. ही डिस्क मित्सुमीच्या क्विक डिस्कवर बेतलेली. तिच्यावर बाहेरून आत जाणारी एकच लांब सर्पिल रेघ असते. हेडला स्वतःची मोटरच नाही, ज्या फ्लायव्हीलने डिस्क फिरते त्याच्याच दातेरी चाकांनी ते सरकतं. सहा-सात सेकंदांत एक पूर्ण बाजू वाचून होते. डिस्क ज्यावर बसून फिरते त्या स्पिंडलवर एक पिन आहे, ती डिस्कच्या मधल्या चकतीतल्या भोकात अडकते, म्हणून डिस्क दर वेळी एकाच कोनात बसते. डिस्कचा कोन आणि हेडची सुरुवातीची जागा यांचं गणित असं आधीच बांधलेलं असतं. ते थोडं जरी हललं तरी हेड सर्पिलाच्या दोन वळशांच्या मधोमध धावतं, आणि मग बेल्ट कितीही चांगला असो, २२ काही हटत नाही.

स्पिंडलचा हा वरचा भाग एका बारीक अ‍ॅलन स्क्रूने दांड्यावर घट्ट केलेला असतो. ड्राइव्ह उघडताना दांडा आणि स्पिंडल यांवर मिळून एक बारीक खूण करून ठेवायची हा माझा नियम. पण या ड्राइव्हचा स्क्रू आधीच कुणीतरी सैल केलेला होता, स्क्रूच्या तोंडावर पान्ह्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे मूळ कोन कुठला होता हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं, तो शोधूनच काढायचा होता.

इथे संदर्भासाठी कुठली डिस्क घ्यायची हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा. दुसऱ्या चालू ड्राइव्हवर दोन्ही बाजू बिनचूक वाचली जाणारी डिस्कच घ्यावी, आणि शक्यतो जिच्यावर नंतर काही लिहिलं गेलेलं नाही अशी. कोन बिघडलेल्या ड्राइव्हवर लिहिलेली डिस्क त्याच बिघडलेल्या ड्राइव्हवर सुरेख चालते, बाकी सगळीकडे अडते. तिच्यावरून जुळवणी केली तर आपण नेमकी चूकच पक्की करून ठेवतो. म्हणून जुळवणी पुरी होईपर्यंत खेळ जपून ठेवणारा एकही गेम मी त्या ड्राइव्हमध्ये घातला नाही.

मग स्क्रू सैल, स्पिंडल केसभर फिरव, स्क्रू घट्ट, डिस्क घाल, आकडा बघ. यात घाई चालत नाही, कारण स्क्रू घट्ट करतानाही स्पिंडल जरासं सरकतं आणि तेवढ्याने सगळं बदलतं. एका बाजूला सरकवत गेले तेव्हा २२ कायम राहिला, उलट बाजूला जाताना मध्येच २७ दिसू लागला. तिथून पुढे आणखी सूक्ष्म. गेम लोड झाला तेव्हाही मी लगेच थांबले नाही. त्याच दिशेने पुढे जात पुन्हा एरर कुठे येतो ते पाहिलं आणि दोन्ही टोकांच्या मधोमध स्पिंडल पक्कं केलं. टोकावर ठेवलं तर तीच डिस्क आज चालते, दुसरी चालत नाही. मोटरच्या वेगाचा स्क्रूही असतो, पण त्याला मी मुद्दाम हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

ड्राइव्ह भरवशाचा झाल्यावर साठवलेल्या डिस्का एकेक करून वाचायला घेतल्या. बहुतेक पिवळ्या कार्डांना झडप नसते, चुंबकीय चकती उघडीच दिसते, म्हणून आधी प्रत्येक डिस्क प्रकाशात तिरपी धरून बुरशी आणि ओरखडे बघते. बुरशी असलेली डिस्क तशीच घातली तर हेड खराब होतं आणि पुढच्या डिस्कांनाही त्रास होतो.

त्यांत 'झेल्डा'ची एक डिस्क होती. पडदा आला आणि खेळ जपून ठेवायच्या तीन जागांपैकी एकीत जपानी लिपीत एक छोटं नाव दिसलं. त्यापुढे जीव दाखवणाऱ्या बदामांची रांग आणि खेळाडू किती वेळा मेला तो आकडा, चांगलाच मोठा. कुणीतरी चिवटपणे खेळत राहिलं होतं, आणि चुंबकीय चकतीवर ते इतकी वर्षं टिकलं. ती जागा पुसून तिथे स्वतःचं नाव घालणं मला पटत नाही. त्याच दिवसापासून माझा क्रम ठरला: ड्राइव्हला संगणक जोडणाऱ्या केबलने आधी दोन्ही बाजूंची पूर्ण प्रत घ्यायची, लेबलवर काय आहे आणि आत काय निघालं ते दोन्ही वेगवेगळं नोंदवायचं, आणि खेळायचं ते कोऱ्या डिस्कवर उतरवलेल्या प्रतीतून.

बऱ्याच डिस्का अशा वाचून झाल्यात, लेबलशी न जुळणाऱ्याही निघाल्या. एक मात्र बी बाजूला शेवटच्या भागात २७ वरच अडते. पृष्ठभाग स्वच्छ दिसतो, ए बाजू बिनचूक वाचली जाते, तेव्हा ती बाजू कोन सरकलेल्या एखाद्या ड्राइव्हवर लिहिली गेली असावी असा माझा तर्क आहे. तिच्यासाठी आता सुट्या भागांतून दुसरा एक ड्राइव्ह बांधते आहे. त्याचा कोन मुद्दाम त्या एका डिस्कला जुळवून घेणार आणि त्यावर फक्त वाचणार. पहिल्याची जुळवणी तशीच राहू देणार.