देवघर वर का गेलं

मंगळवार, रात्री अकरा

गुरुवारी माझ्या अपंगत्वाच्या टक्केवारीविरुद्धच्या अपिलाची सुनावणी. कागद सगळे एका पिशवीत घातलेत. पहिलं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, जुने-नवे एक्स-रे, दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली केलेला अपिलाचा अर्ज आणि त्याची पोच. तीन वेळा पिशवी उघडून बघितली. झोप येत नाही, पण ती गुरुवारच्या काळजीने नाही. संध्याकाळी आई जे बोलली, ते डोक्यातून जात नाही.

दादाने अपंगत्व मोजण्याच्या नियमांची प्रत काढून आणली होती. पायाची स्थिरता बघताना नऊ गोष्टी तपासतात, प्रत्येकीला दहा टक्के. सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, नुसत्या दुखऱ्या पायावर उभं राहणं, वळणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं. दादा एकेक वाचत होता आणि मी सांगत होते. उकिडवं बसण्यापाशी आल्यावर म्हटलं, तशी वेळच येत नाही रे. मांडी? खाली बसायची गरजच पडत नाही. गुडघे टेकणं? तेच.

आई गवार मोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "गरज पडत नाही म्हणे. मी पडू दिली नाही. देवघर वर का घेतलं मग?"

आणि पुन्हा गवार मोडायला लागली.

आमचे देव आधी जमिनीवर, पाटावर होते. 2019 च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं आणि गावभागात आमच्या घरातही शिरलं. ओसरल्यावर गाळ काढून घर परत लावलं, तेव्हा आईने देव कट्ट्यावर नेले. माझ्या कमरेच्या उंचीला. पिठाचा डबा, तेलाची किटली, मिसळणाचा डबा, सगळं वर. माझ्या कॉटच्या पायांखाली दोन-दोन विटा. कुणी विचारलं की म्हणायची, "पुराचं काय सांगावं, असू दे की वरच." माझा अपघात त्याच्या आदल्या वर्षीचा. मी आजपर्यंत ते पुराचंच धरून चालले.

मघाशी बॅटरी लावून त्या विटा बघितल्या. एका पायाखाली फरशीचा पातळ तुकडा सरकवलाय, कॉट डुगडुगू नये म्हणून. ज्या बाजूने मी उतरते तिकडच्या विटांना गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलंय. सुतळी नवी आहे. म्हणजे मधनंमधनं बदलते. कधी बदलते?

पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात काही अडतं का. मी म्हटलं, नाही, माझं सगळं मीच करते. मान ताठ करून सांगितलं होतं. पाच मिनिटांत बाहेर. खाली बसून दाखवायला कुणी सांगितलंही नाही, त्याचा राग आजही आहे आणि तो मी सोडणार नाही. 34 टक्के लिहून आले. पांढऱ्या पट्टीचं दिव्यांग कार्ड. चाळीस असते तर पिवळी पट्टी, एसटीला 75 टक्के सवलत, संजय गांधी निराधार योजनेच्या महिना अडीच हजारांसाठी अर्ज तरी करता आला असता. किती रात्री रडले त्या सहा टक्क्यांसाठी. माझ्याच वाट्याला का, माझंच का कुणाला दिसत नाही.

आता वाटतं, त्यांना कुठून दिसणार? मलाच दिसलं नव्हतं. रोज उभ्याने पूजा करत होते आणि म्हणत होते, मला जमतं.

मिरजेच्या लग्नाला गेले नाही त्याचं खरं कारण मी घरी सांगितलं नव्हतं. ते आईला ठाऊक असणार. आणि तिचा उजवा खांदा हल्ली वर जात नाही, फडताळातला डबा काढताना डावा हात लावते. तेही मी बघते आणि... नको, आज एवढंच पुरे.

पूर्वी देव होते तिथली फरशी अजून थोडी उजळ आहे. आत्ता तिथे बसून बघितलं. एक हात कॉटवर, एक भिंतीवर. उजवा पाय गेला खाली, डाव्याचा गुडघा वाकेना. अर्ध्यातच घाम फुटला. धरून धरून उठले आणि कॉटवर येऊन बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. जरा हलकंच वाटलं.

मग गुरुवारसाठीच्या कागदावर लिहिलं: मांडी घालता येत नाही. उकिडवं बसता येत नाही. गुडघे टेकता येत नाहीत. 2018 पासून. घरात देवघर, डबे, कॉट सगळं उंच करून घेतलं आहे. "घेतलं आहे" खोडून "आईने करून दिलं आहे" असं लिहिलं.

पेनाचा आवाज झाला असेल. अंधारातून आई म्हणाली, "झोप आता. आणि पिशवीत पाण्याची बाटली घाल, नंबर लवकर लागत नाही तिथं."

घातली.