मोडीतून उभं राहिलेलं दुकान : आमची वाटचाल

नाशिकच्या भांडीबाजारात बसलेल्या माणसाला मोड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. गिऱ्हाईक स्टीलचं नवं घ्यायला येतं, सोबत पोत्यातून आजीची पितळी भांडी आणतं, ती काट्यावर चढतात, किलोच्या भावाने बिलातून वजा होतात. पोतं मागच्या खोलीत, तिथून टेम्पोने भट्टीला. सासऱ्यांनी जन्मभर हाच व्यवहार केला आणि चोख केला. मी लग्न होऊन या घरात आले ती १९९४ साली, आणि मागच्या खोलीत मला पाठवलं ते झाडायला.

माझं माहेर देवळाली कॅम्पचं. तिथल्या बंगल्यांमध्ये केक व्हायचे, ब्रेड व्हायचा, आणि आमच्या घरीही झाकणाला काचेची गोल खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा ओव्हन होता. त्यामुळे मोडीच्या पोत्यात मला जे दिसलं ते सासऱ्यांना दिसणं शक्य नव्हतं. त्यांच्या लेखी ती "वाकडी पातेली" होती. ते तांब्याचे साचे होते. मधे नळी असलेला एक, कडेने पाकळ्या असलेला एक, आणि शिंपल्याच्या आकाराच्या लहान वाट्या, आतली कल्हई पार उडालेल्या. मी म्हटलं, मामंजी, हे मला हवेत. ते म्हणाले, "घे. पण मोडीच्या भावाने वहीत लिही." लिहिलं. घरच्या सुनेलाही भाव तोच लागला, हे मी आजवर विसरलेले नाही आणि आजही माझ्या दुकानात नातेवाइकांना सूट नाही.

साच्यांना कल्हई कोण करणार? पातेली करणारे पुष्कळ होते, पण पाकळीच्या खाचेत कथील नेणं वेगळं काम. दहीपुलाकडच्या गल्लीत एक चाचा बसायचे. त्यांनी साचा हातात घेतला, उलटा केला, बुडाला नख मारलं आणि विचारलं, "वापरणार की टांगणार? टांगायचा असेल तर माझा वेळ घालवू नका." त्या एका प्रश्नावर आमचा धंदा उभा आहे. चाचा आमचे पहिले भागीदार. कागदावर कधीच नव्हते, पण पहिल्या मालापासून हिस्सा त्यांचा होता.

त्यांचं काम बघत बसावं असं. चिंच आणि वाळूने भांडं घासून उघडं तांबं लालबुंद दिसेपर्यंत साफ करायचं. भात्यावर कोळसा फुलला की भांडं सांडशीत धरून फिरवायचं. नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर डोळ्यांत जातो, त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, हे चाचांना आकड्यात माहीत नव्हतं. ते कांडीकडे बघायचे. साच्यासाठी त्यांनी बोळा काडीला बांधून एक हत्यार केलं होतं, कान कोरायच्या काडीसारखं. खाचेतला कोपरान् कोपरा चांदीसारखा निघायचा. ती काडी आजही त्यांचा मुलगा वापरतो.

साचे नुसते मांडून कोणी घेत नाही, हे पहिल्याच दिवाळीत कळलं. तेव्हा घरोघरी मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून डब्यातून आणायची, अशी पद्धत होती. मी दुकानातच ओव्हन लावला आणि शिंपल्याच्या वाट्यांत माव्याचे केक करून काउंटरवर ठेवले. खाल्ला की लोक वाटी विचारायचे. तांबं स्टीलपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून कड आणि मधला भाग सारखा होतो. हे समजावत बसण्यापेक्षा केकचं बूड दाखवणं सोपं. एकसारखा बदामी रंग, कुठे डाग नाही. पुढे मेथीच्या लाडवांचे पितळी डबे, ओगराळी, मोदकपात्रं, बिडाचे तवे, घंगाळं, सगळंच आलं. वाडे पाडले जात होते, माल येत होता. दुकान चाललं.

लोकांना वाटतं आम्ही बुडता बुडता वाचलो ते पुरात. ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरी चढली, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हाच आम्ही माल उचलायला घेतला, तरी भांडीबाजारात पाणी आलंच. ओव्हनच्या कॉइली गेल्या, मैद्याची पोती गेली. पण तांब्यापितळेला पूर काय करणार? चिखल धुतला, चिंच लावली, मांडलं परत. पुराने आम्हाला बुडवलं नाही. बुडवायला निघाला होता तो माणूस.

नाव घेत नाही. कॉलेज रोडला त्याचं शोरूम होतं, पिवळे दिवे, खाली गालिचा. आधी तो आमच्याकडूनच ठोक माल न्यायचा. मी आनंदाने द्यायची, रोख देत होता. मग त्याचा खप वाढला आणि आमच्याकडून नेणं मात्र कमी झालं. शोरूम तर भरलेलं. मी एकदा गिऱ्हाईक म्हणून गेले. मांडणीवर पितळेचे डबे, सगळे काळपट, सगळ्यांवर नावं टोचलेली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते ज्याच्या त्याच्या हाताचं असतं. कुणी ठिपके जवळ टोचतो, कुणाची ओळ चढत जाते. इथे दहा डब्यांवर दहा आज्यांची नावं आणि हात एकच. शिवाय "लक्ष्मीबाई" मधला ल हिंदी वळणाचा! नाशकातल्या कुठल्या तांबटाने तसा ल काढलाय? माल मुरादाबादचा होता, कोरा, आम्लाने काळवंडवलेला. आत बोट फिरवलं तर लेथच्या गोल रेषा लागत होत्या. ठोक्याच्या भांड्यात त्या नसतात.

मुरादाबादच्या मालाला माझं काही म्हणणं नाही, उत्तम पितळ आहे, नवं म्हणून विका. हा शंभर वर्षांचं म्हणून विकत होता, आणि विचारलं की "भांडीबाजारातल्या बाईंकडून येतं" म्हणून सांगत होता. म्हणजे मी!

इथवर ठीक होतं. लॉकडाऊनमध्ये घरोघरी केक सुरू झाले, तशी साच्यांची मागणी आली. त्याच्याकडे साचे कुठून असणार? त्याने तांब्याच्या पत्र्याचे करून घेतले आणि नळी बसवली शिशाच्या डाखाने. डाख म्हणजे दोन तुकडे जोडायला वितळवून लावतात तो धातू. आता शिसं-कथलाचा डाख १८३ अंशांना वितळायला लागतो. केक आपण १८० ला भाजतो, आणि घरचे ओव्हन आकड्यापेक्षा वीस-तीस अंश वर जातात. पुढचं सांगायला नकोच. गंगापूर रोडच्या एका घरी नळी सुटली, केकचं मिश्रण खाली, आणि केकात डाखाचा राखाडी मणी. त्या बाईंनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "भांडीबाजारच्या जुन्या भांड्यांतून शिसं निघतं." दुपारपर्यंत तो माझ्याच बहिणीने मला पाठवला.

जुन्या साच्याचा जोड कसा असतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना एका नजरेत कळलं असतं. दातेरी जोड, दातात दात अडकवलेले, वर पितळी डाख, लाल होईपर्यंत तापवून दिलेला. तो ओव्हनमध्ये सुटणं अशक्य. पण फोटो बघणारे जोड बघत नाहीत. ऑर्डरी रद्द झाल्या, माझ्या केकच्या वर्गाला नाव घातलेल्यांनी पैसे परत मागितले. ज्या घरात मी वीस वर्षं डबे दिले त्या घरून मोड परत आली, "आता हेही नको" म्हणून. हप्ते थकले. आमचे हे म्हणाले, साचे भट्टीला देऊ, स्टीलवर परत जाऊ. शोरूमवाल्याला मी जाब विचारायला गेले तर म्हणतो, "वहिनी, मी कुठे तुमचं नाव घेतलं?"

तेव्हा देवळालीच्या बाई उभ्या राहिल्या. पारशी, वयस्कर, एकट्या राहतात. आमच्याकडे कल्हईला पहिला साचा आणला तो त्यांनी, आणि दरवेळी कल्हई झाली की वाटी उन्हात धरून आत फट दिसते का बघतात. त्यांना मेसेज मिळाला. मी काही सांगायच्या आत त्यांनी मेसेज पुढे पाठवणाऱ्या एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. "तुझा केक कुठल्या साच्यात होता, बिल दाखव." बिल निघालं शोरूमचं. मग देवळालीच्या बाईंनीच ग्रुपवर ते बिल टाकायला लावलं, आणि मला फोन करून म्हणाल्या, "डिकरी, रडू नको, माझे पॅटीचे दोन डझन साचे कल्हईला घेऊन जा, पैसे आगाऊ देते." त्या पैशांनी कथील आणलं. कथलाचा भाव तेव्हा कडाडलेला होता.

शोरूमवर आता पडद्याचं कापड मिळतं. माझी भरपाई कोणी दिली नाही, माफीही मागितली नाही. मध्यंतरी त्याच्या घरून एक मुलगा हंडा कल्हईला घेऊन आला. हंडा खरा होता, त्याच्या आईचा असावा. पूर्ण दर लावला, आगाऊ घेतले, काम चाचांच्या मुलाने नेहमीसारखंच केलं.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगते. जुना साचा घेताना आधी जोड बघा, मग कल्हई, चकाकी शेवटी. डाख राखाडी आणि नखाने ओरखडा उठेल असा मऊ असेल तर तो साचा भिंतीवर शोभतो, ओव्हनमध्ये नाही. कल्हईच्या साच्यात २०० च्या वर जाऊ नका आणि रिकामा कधी तापवू नका. ब्रेडला बिडाचं भांडं घ्या. दही घातलेलं मिश्रण उघड्या पितळेत ठेवाल तर कळकेल, हे आजीला माहीत होतं, तुम्हालाही असू द्या. तारेच्या घासणीने कल्हई निघते. आणि भांड्यावरचं नाव बफिंग करून घालवू नका. जुन्या गोल ओव्हनला आकडा नसतो, म्हणून आत कागदाचा तुकडा ठेवा. बदामी व्हायला किती वेळ लागतो ते बघून आपला अंदाज बसवा, आणि केक अर्धा झाला की डबा एकदा फिरवा.

बुधवारी मी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजारात असते, दुकानात हे बसतात, त्यांना साच्यातलं काही विचारू नका. दिवाळीसाठी कल्हई हवी असेल तर भांडी गणपतीच्या आधी आणा. दसऱ्यानंतर आणलेलं दिवाळीपूर्वी मिळेल असं मी कोणालाही कबूल करत नाही, देवळालीच्या बाई सोडून.