८६व्या मजल्यावरचा डॉक

आजची सुट्टी डॉक सॅव्हेजच्या नावे गेली. घरच्यांच्या मते वाया गेली. १९३३ साली न्यूयॉर्कच्या स्ट्रीट अँड स्मिथने काढलेल्या स्वस्त मासिकाचा हा नायक. ब्राँझसारखी कांती, डॉक्टर, शास्त्रज्ञ, ८६व्या मजल्यावर मुक्काम, दिमतीला पाच अवली साथीदार. १९४९ पर्यंत १८१ अंक! लेखक म्हणून नाव केनेथ रोबेसन, पण बहुतेक कादंबऱ्या लिहिल्या लेस्टर डेंट या एका गड्याने.

मासिक बंद पडलं, चाहते नाही. १९६४ पासून बँटम या प्रकाशनाने याच कादंबऱ्यांची पॉकेटबुकं काढली आणि जेम्स बामाने फाटक्या शर्टातला डॉक असा काही रंगवला की लोक निव्वळ मुखपृष्ठांसाठी ती जमवतात. क्लार्क हे नाव आणि आर्क्टिकमधला एकांतातला किल्ला सुपरमॅनच्या आधी याच्याकडे होता, हे ऐकवायला चाहते टपलेलेच असतात. आता मीही.

एक मात्र पचत नाही. पकडलेल्या गुंडांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून डॉक त्यांच्या आठवणी पुसतो, त्यांना 'सुधारतो'. कथेत हे दयेचं काम! माझ्या अंगावर काटा आला. तरी पुढचं पुस्तक उघडलंच. झुंजार-काळापहाडवर पोसलेल्या माणसाचं दुसरं काय होणार?