चारचौघांत बोलताना पहिलं मिनिट सांभाळा

भाषणाच्या भीतीवर सल्ला देणारे बरेच जण 'आधी आत्मविश्वास वाढवा' इथून सुरुवात करतात. ताप आलेल्याला 'आधी ताप उतरव' म्हणण्यातलाच हा प्रकार. आत्मविश्वास चार-सहा वेळा बोलून झाल्यावर मागाहून येतो. आणि भीती पार जाईपर्यंत थांबायचं ठरवलं तर बोलणं राहूनच जातं, कारण मुरलेल्या वक्त्यांच्याही पोटात नाव पुकारलं की गोळा येतो. मात्र ही भीती भाषणभर सारखी नसते. बोलायला उठण्याआधीची काही मिनिटं आणि उठल्यानंतरचं पहिलं एखाद-दुसरं मिनिट ती टिपेला असते, मग बहुतेकांची आपोआप उतरू लागते. त्यामुळे तयारीही सगळीकडे सारखी वाटायची नाही, तिचा मोठा हिस्सा त्या पहिल्या मिनिटाला द्यायचा.

ताण अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत माणसाला हमखास ताण द्यायचा असतो, तेव्हा ते त्याला भाषण करायला लावतात. जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ साली ही चाचणी तयार झाली. तयारीला जेमतेम काही मिनिटं, मग मख्ख चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर टिपणाशिवाय ५ मिनिटं बोलायचं आणि पुढची ५ मिनिटं तोंडी वजाबाक्या करायच्या. परीक्षक ना हसतात, ना मान डोलावतात. ही चाचणी उलटी वाचली तर आपल्या कामाची यादी मिळते: तयारीला भरपूर वेळ, हातात टिपण आणि समोर निदान दोन-तीन ओळखीचे, प्रतिसाद देणारे चेहरे. या तिन्ही गोष्टी बऱ्याचदा आपल्या हातात असतात.

आधी शरीराचं बघू. घाबरल्यावर शरीरात ॲड्रेनलिन हे संप्रेरक वाढलं की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, बोटं गार पडतात आणि हात थरथरतात. श्वास उथळ आणि भरभर होतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. डोकं हलकं होणं आणि बोटांना मुंग्या येणं हे त्यामुळेच. म्हणून 'दीर्घ श्वास घ्या' हा सल्ला अर्धवट आहे. घाबरलेला माणूस भराभर मोठमोठे श्वास घेतो आणि चक्कर आणखी वाढवून घेतो. खरं काम श्वास सोडण्याचं आहे, कारण श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते. नाकाने ४ आकडे मोजत श्वास घ्या आणि ६ आकडे मोजत सावकाश सोडा. अशी ८ आवर्तनं सव्वा ते दीड मिनिटात होतात आणि खुर्चीत बसल्या बसल्या करता येतात, शेजाऱ्यालाही कळत नाही.

शेजाऱ्याला न कळण्यावरून आठवलं. आपली धडधड समोरच्यांना लख्ख दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटत असतं, पण प्रत्यक्षात तिच्यातलं फार थोडं बाहेर पोचतं. केनेथ सविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांच्या २००३ सालच्या अभ्यासात ज्या वक्त्यांना ही गोष्ट आधी समजावून सांगितली होती, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. नुसती माहितीच उपयोगी पडते असे प्रसंग विरळाच. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली दाखवलेली गोष्टही अशीच सोपी आहे. स्वतःला 'शांत हो' म्हणण्यापेक्षा 'मला हुरूप आलाय' असं म्हणणाऱ्यांचं बोलणं सरस ठरलं. धडधडणारं शरीर शांत करणं अवघड, त्या धडधडीला दुसरं नाव देणं त्यामानाने सोपं.

आता सराव. मनातल्या मनात वाचणं हा सराव नव्हे. जीभ कुठे अडखळते आणि कोणत्या वाक्यात दम संपतो हे मोठ्याने बोलल्याशिवाय कळत नाही. उभं राहून, त्या दिवशी घालायच्या चपला-बूट घालून, पूर्ण आवाजात सुरुवातीपासून शेवटपर्यंत किमान ५-६ वेळा बोला. पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन शब्दशः पाठ हवीत, इतकी की झोपेतून उठवलं तरी म्हणता यावीत. मधला भाग मात्र पाठ करू नका. घडाघडा पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची साखळीच तुटते, आणि आठवण्याच्या नादात नजर छताकडे जाते. मधल्या भागाचे फक्त मुद्दे लक्षात ठेवायचे आणि वाक्यं दर वेळी थोडी वेगळी होऊ द्यायची. शिवाय दोन-तीनदा भाषण मधूनच, समजा तिसऱ्या मुद्द्यापासून, सुरू करून बघा. अडकल्यावर पुन्हा रुळावर यायची ही तालीम आहे आणि बहुतेक जण नेमकी तीच करत नाहीत.

आरशासमोरचा सराव मला पटत नाही. सगळं लक्ष स्वतःच्या चेहऱ्यावर जातं, आणि भित्र्या वक्त्याची मूळ अडचण तीच असते. त्यापेक्षा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर स्वतःच्या आवाजाच्या संकोचापुढे बाकी काही ऐकूच येत नाही.

टिपण कशावर लिहिता यालाही महत्त्व आहे. ए-४ कागद लांब आणि लवचीक असतो. बोटांची बारीकशी थरथर त्याच्या टोकापर्यंत जाऊन मोठी होते आणि तो माइकजवळ फडफडला तर सभागृहभर ऐकू येते. लेझर पॉइंटरही याच कारणाने दगा देतो, पडद्यावरचा लाल ठिपका नाचू लागतो. साधारण १० बाय १५ सेंटिमीटरची जाड कार्डं घ्या. एका कार्डावर एकच मुद्दा, तोही ४-५ शब्दांत आणि हातभर अंतरावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा. आकडे आणि माणसांची नावं मात्र पूर्ण लिहा, ती ऐन वेळी हमखास दगा देतात. मागची बाजू कोरी ठेवा, कोपऱ्यात क्रमांक घाला आणि भोक पाडून सगळी कार्डं दोऱ्यात ओवा, म्हणजे हातातून पडली तरी क्रम बिघडत नाही. मोबाइलवरून वाचायला जाऊ नका. पडदा मध्येच विझतो, थरथरता अंगठा तीन मुद्दे पुढे सरकवतो आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी मेसेज येतो.

त्या दिवशी कॉफी नेहमीपेक्षा जास्त नको. तिचा निम्मा अंश रक्तातून जायला साधारण ५ तास लागतात. अर्धा तास आधी पोचा आणि बोलायचं त्याच जागी उभं राहून माइकवर दोन वाक्यं बोलून घ्या. माइक हनुवटीच्या थोडा खाली, तोंडापासून १० सेंटिमीटरच्या आसपास धरा, त्याची जाळी मुठीत झाकू नका आणि स्पीकरच्या समोर जाऊ नका, नाहीतर शिट्टी वाजते. लवकर आलेल्या दोघा-तिघांशी सहज गप्पा मारून ठेवा. हेच तुमचे प्रतिसाद देणारे चेहरे. त्यांपैकी एक डावीकडे आणि एक उजवीकडे बसला असेल तर उत्तमच.

नाव पुकारलं की सावकाश चालत जा. पावलं थोडी अंतरावर ठेवा आणि गुडघे ताठ आवळू नका, आवळलेल्या गुडघ्यांनी पाय जास्त लटपटतात आणि फार वेळ तसंच उभं राहिलं तर भोवळही येऊ शकते. कार्ड ठेवा, श्वास सोडा, दोन-तीन सेकंद समोर बघा आणि मग पहिलं वाक्य एकाच चेहऱ्याकडे बघून पूर्ण करा. ते वाक्य छोटं हवं, ७-८ शब्दांचं. घशाचे स्नायू आवळलेले असताना आवाज कापतो, आणि वाक्य लांबलं की मध्येच दम संपून तो आणखी कापतो. वाक्यं आखूड ठेवा आणि आवाज नेहमीपेक्षा किंचित मोठा. 'मी काही वक्ता नाही, सांभाळून घ्या' हे वाक्य कटाक्षाने टाळा. ज्यांचं चुकांकडे लक्षही गेलं नसतं तेही मग चुका मोजायला लागतात.

मध्येच डोकं कोरं झालं तर आधी थांबा. चार सेकंदांची शांतता तुम्हाला अर्ध्या मिनिटाएवढी वाटते, ऐकणाऱ्याला मात्र तो साधा विराम वाटतो. शेवटचं वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणा. तेवढ्याने आठवलं नाही तर पाण्याचा घोट घेत कार्डाकडे बघा. तरीही नाही, तर सरळ पुढच्या मुद्द्यावर जा. काय गाळलं हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे 'विसरलो' असं जाहीर करायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र चोरपावलांनी येते. बचावासाठी माणूस युक्त्या शोधतो: भराभर उरकायचं, कागदात डोकं खुपसायचं, पोडियम घट्ट धरून ठेवायचं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली समाजभयाची, म्हणजे चारचौघांत आपलं हसं होईल या भीतीची, जी मांडणी केली, तिच्यात या युक्त्यांना मध्यवर्ती जागा आहे. भाषण धड पार पडलं तरी मन श्रेय त्या युक्तीला देतं आणि 'ती नसती तर काही खरं नव्हतं' असं धरून बसतं. म्हणून भीती वर्षानुवर्षं तशीच राहते. यावर इलाज म्हणजे दर वेळी एकच युक्ती सोडायची. एकदा पोडियमवरचे हात काढायचे, पुढच्या वेळी वेग कमी करायचा.

हे जमायला संधी मात्र वारंवार मिळाली पाहिजे. बैठकीत एक प्रश्न विचारणं, मग मिनिटभर कुणाची ओळख करून देणं, मग आभारप्रदर्शन, मग ५ मिनिटांचं भाषण अशा पायऱ्या ठेवा, आणि एका पायरीवर पाय स्थिरावल्याशिवाय पुढची गाठू नका. दोन संधींमध्ये महिने गेले तर भीती बरीचशी जुन्या जागी परतते, म्हणून आठवड्या-पंधरवड्याला काहीतरी हवंच. टोस्टमास्टर्सचे क्लब यासाठीच आहेत. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे पहिला क्लब सुरू केला. तिथे आयत्या वेळी दिलेल्या विषयावर १-२ मिनिटं बोलायला लावतात, वेळेसाठी हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवतात आणि तुमचे 'अं... अं...' मोजायला एक माणूस बसलेला असतो. हे मोजणं सुरुवातीला छळ वाटतं, पण सभाधीटपणा अशानेच येतो.

भाषणाच्या विचाराने आठवडाभर झोप उडत असेल, किंवा बोलावं लागेल म्हणून तुम्ही नोकरीतली बढतीच नाकारत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञाला गाठा, या भीतीवर वर्तनोपचार चांगले लागू पडतात. काही जण थरथर थांबवायला प्रोप्रानोलोलची गोळी घेतात. ती धडधड कमी करते हे खरं, पण दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका, आणि दिली तरी पहिल्यांदा भाषणाच्या दिवशी घेऊन बघू नका.